जगण्यास ना हरकत

दामाजींचा कागदावर जितका विश्वास होता तितका देवावरही नव्हता, आणि देवावर काही कमी नव्हता. कोपरच्या बंगल्यातल्या त्यांच्या लोखंडी कपाटात सात-बाराचे उतारे, फेरफार, मोजणीचे नकाशे, नोटिसा, अगदी कधीच्या काळी मेलेल्या बैलाच्या विम्याची पावतीसुद्धा प्लास्टिकच्या पिशव्यांत नीट घालून ठेवलेली होती. चौथीपर्यंत शिकलेला हा माणूस तलाठ्याला कलमं तोंडपाठ म्हणून दाखवायचा. भातशेती गेली, मिठागरं गेली, त्यांच्या जागी बावीस-बावीस मजली टॉवर उभे राहिले, तरी गावात कोणाचं जमिनीचं काही अडलं की लोक वकिलाच्या आधी दामाजींच्या ओटीवर येत. म्हणून ठाण्याच्या हॉस्पिटलातून आलेल्या त्या जाड पाकिटाला घरातले सगळे बिचकत असताना ते एकटे खुशीत होते. इतका देखणा कागद, आठ पानी, रंगीत, सही-शिक्क्यासकट, त्यांच्या नावाने आजवर कोणी काढला नव्हता.

"वाच," त्यांनी भावनाला सांगितलं. "आखा वाच. मधला काय सोडू नको."

भावना ही त्यांची थोरली मुलगी. लग्नानंतर वर्तकनगरला राहायची, तिथल्याच एका शाळेत सातवी-आठवीला विज्ञान शिकवायची. घरातला इंग्रजी कागद वाचायचं काम ती सहावीत असल्यापासून तिच्याकडे होतं. बँकेचं पत्र असो, कोर्टाचं समन्स असो, दामाजी पाकीट फोडायचेसुद्धा नाहीत. भावना शाळेतून येईपर्यंत ते तसंच देवळीत असायचं. आपल्या मुलीने वाचलं म्हणजे त्यात खोट नाही, असं ते चारचौघांत सांगायचे. आणि आज हातात धरलेल्या या कागदात काय आहे, ते भावनाला न वाचताच ठाऊक होतं.

दोन दिवसांपूर्वी डॉक्टर निशिगंधांनी तिला आणि प्रफुल्लला केबिनमध्ये बसवून सगळं सांगितलं होतं. प्रफुल्ल तिचा धाकटा भाऊ, रेती-सिमेंटचा सप्लायर, गळ्यात बोटभर जाडीची चेन, आणि त्या केबिनमध्ये खुर्चीच्या अगदी कडेवर टेकून बसलेला. ऑपरेशन चांगलं झालं होतं. जुन्या काविळीने वर्षानुवर्षं आतून पोखरलेल्या लिव्हरमधली गाठ पूर्ण निघाली होती. पण त्या गाठीचा तुकडा जनुकांच्या तपासणीला गेला होता, आणि तिथून आलेलं उत्तर चांगलं नव्हतं.

"गाठीतली कुठली जनुकं जागी आहेत, कुठली झोपलेली, याचा एक नमुना असतो," डॉक्टर म्हणाल्या. "त्याला आम्ही सिग्नेचर म्हणतो. गाठ परत येईल का, पेशंट किती काळ काढेल, याचा अंदाज त्यावरून येतो. बाबांची सिग्नेचर अ‍ॅडव्हर्स आहे."

प्रफुल्लने आकडा विचारला. अशा शंभर पेशंटांमधले वीसेक दोन वर्षं ओलांडतात, त्या म्हणाल्या. हा अंदाज आहे, निकाल नाही, औषध सुरू करू, दर दोन महिन्यांनी स्कॅन करू, असंही त्यांनी मनापासून सांगितलं. पण उरलेले ऐंशी कुठे जातात, हे विज्ञानाच्या बाईंना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

गाडीत बसल्यावर प्रफुल्ल स्टिअरिंगवर डोकं टेकून रडला. मग नाक पुसून म्हणाला, "ताई, त्यांना सांगायचं नाय. जेवढे दिवस हायेत तेवढे हसत जाऊ दे." भावनाने मान हलवली. आपल्याकडे ही रीतच आहे. माणूस मरणार हे शेजाऱ्यांना कळतं, व्याह्यांना कळतं, दूधवाल्यालाही कळतं. एकट्या त्या माणसाला तेवढं कळू द्यायचं नाही. याला माया म्हणतात, आणि मायाच असते ती, फक्त तिचा हिशेब कोणी विचारत नाही.

तर भावना वाचत होती, म्हणजे वाचल्यासारखं करत होती. नाव, वय, तारीख, डॉक्टरांचं नाव. दामाजी शेजारी बसून ओळीवर बोट फिरवत होते. इंग्रजी येत नसलं तरी ओळी मोजता येत होत्या.

"दोन ओली खाल्ल्यास," ते म्हणाले.

"त्यात नुसती मशीनची नावं आहेत, बाबा."

"असू दे. मशीनची तर मशीनची." आणि तिसऱ्या पानावर त्यांचं बोट एकदम थांबलं. "थांब. यो शब्द मना ठाव हाय."

तो शब्द होता सिग्नेचर. बँकेच्या प्रत्येक फॉर्मवर, रजिस्टर ऑफिसच्या प्रत्येक कागदावर त्याच शब्दाच्या डोक्यावर त्यांनी आयुष्यभर वळणदार 'दामाजी' लिहिलं होतं. सगळ्या इंग्रजी भाषेत त्यांची ओळख तेवढ्या एका शब्दाशी होती.

"सिग्नेचर. म्हंजे सही. म्होरं काय लिवलंय?"

"अ‍ॅडव्हर्स."

"त्याचा मराठी काय?"

"प्रतिकूल," भावना म्हणाली. तिच्यातल्या बाईंनी तिच्यातल्या मुलीच्या आधी उत्तर देऊन टाकलं.

"प्रतिकूल म्हंजे इरोधात." दामाजी ताठ बसले. "कोनाची सही माझ्या इरोधात पडलीय?"

समजावून सांगायला भावनाने तोंड उघडलं, आणि तिचं लक्ष त्यांच्या चेहऱ्याकडे गेलं. ऑपरेशनपासून तो चेहरा कुठे बघावं ते न कळल्यासारखा झाला होता. आता त्यावर तहसील कचेरीत फाईल अडली की यायची ती चिडकी हुशारी परत आली होती. कॅन्सरशी कसं भांडायचं हे त्यांना माहीत नव्हतं. अडलेल्या सहीशी कसं भांडायचं हे त्यांच्याइतकं कोपरमध्ये कोणाला माहीत नव्हतं.

"बायची," ते स्वतःशीच म्हणाले. "ठमाबायची असनार. दुसऱ्या कोनाची असंल?"

भावनाने कागद मांडीवर ठेवला.

"तीच ना गो?"

"हो, बाबा," भावना म्हणाली.

ठमाबाई म्हणजे दामाजींची थोरली बहीण. सख्खी, एकुलती एक. खडवलीला दिलेली. आई-बापाच्या पाठीमागे जमिनीवर दोघांची नावं लागायची होती, आणि बिल्डरला सगळी जमीन एकट्या दामाजींच्या नावाने हवी होती. बहिणींनी हक्कसोड पत्र लिहून द्यायचं, हे त्या काळात गावात घरोघर चाललं होतं. कोणी रडून दिलं, कोणी हसून दिलं, कोणी भांडून दिलं. दामाजींनी मात्र भांडायची वेळच येऊ दिली नाही. त्यांनी खडवलीला जाऊन बहिणीला सांगितलं, "बाय, आबांच्या जमिनीला तुझं नाव लावतोय. अंगठा द्यायला ये."

ठमाबाई नवं लुगडं नेसून आली. रजिस्टर ऑफिसात फोटो काढताना हसली. कारकुनाने ठेवलेल्या कागदावर तिने अंगठा लावला, आणि नाव लागायच्या ऐवजी पुसलं गेलं. घरी जाताना तिने पेढे नेले आणि आख्ख्या आळीत वाटले, बापाच्या जमिनीला आपलं नाव लागलं म्हणून. तिला खरं काय ते दीड वर्षाने कळलं, शेतात पायलिंगचं मशीन आल्यावर. त्याला आता सतरा वर्षं झाली. सतरा भाऊबिजा झाल्या. ती कोपरला आली नाही आणि दामाजी खडवलीला गेले नाहीत. गावातल्या शंभर बहिणींच्या सह्यांवर तासन्‌तास बोलणारे दामाजी या एका अंगठ्याबद्दल घरात कधी अवाक्षर काढायचे नाहीत.

आता मात्र ते बोलायला लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सुक्या बोंबलाचं कालवण मागितलं आणि दोन भाकऱ्या खाल्ल्या. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच स्वतःच्या पायांनी फाटकापर्यंत जाऊन आले. मग लेजर पेपर आणायला लावला, चष्मा चढवला, आणि दुपारभर बसून एक मसुदा तयार केला. मजकूर असा होता:

"मी, ठमाबाई, वय वर्षे बहात्तर, राहणार खडवली, लिहून देते ऐसा जे की, माझे बंधू दामाजी यांच्या जगण्यास माझी कोणत्याही प्रकारची हरकत नाही व पुढेही राहणार नाही. सबब हा ना हरकत दाखला स्वखुशीने दिला असे."

खाली अंगठ्यासाठी जागा सोडली होती. साक्षीदारांसाठी दोन रेघा मारल्या होत्या.

"मी गेलो तर ती दार लावून घेईल," ते म्हणाले. "तू जा. तुझ्यावर तिचा राग नाय. ही सही जमली ना, का डाक्टरला सांगू, आता परत तपास. रिपोर्ट सरल येतो का नाय बघ."

भावनाने आतल्या खोलीत जाऊन प्रफुल्लला तो कागद दाखवला. त्याने तो वाचला, दोनदा वाचला आणि घडी घालून परत दिला. "राहू दे ना, ताई," तो म्हणाला. "दोन भाकऱ्या खाल्ल्या त्यांनी. तू बघितलंस ना?" तिने बघितलं होतं. म्हणूनच ती खडवलीला निघाली.

ठमाबाई पडवीत बसून भिजवलेले वाल सोलत होती. भाचीला बघून तिने पाट पुढे सरकवला, पाणी दिलं, कोणाची पोरं कितवीला आहेत ते विचारलं. भावाचं नाव काढलं नाही. आजाराचं तिच्या कानावर आलं होतंच. भावनाने कागद काढला तेव्हा म्हातारी थोडी मागे सरकली. कागद म्हटलं की ती अशीच मागे सरकायची, तिचे मुलगे तिची त्यावरून थट्टा करत.

"वाच," ती म्हणाली.

भावनाने वाचलं. आत्याच्या बोटांतला वाल सोललेला तसाच राहिला.

"परत वाच."

तिने परत वाचलं.

"लागला गो," ठमाबाई म्हणाली. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "माझा शब्द लागला त्याला."

"कसला शब्द, आत्या?"

"गावदेवीच्या म्होरं पदर पसरलेला मी. बोलले, ज्यानं माझं नाव पुसलं त्याचं नाव पुसलं जाऊ दे. रोज बोलायची. वरीसभर. मंग एक दिस बोलवेना, सोडून दिलं. पन बोललेलं परत कसं घ्यायचं ते मना कोनी सांगितलं नाय." तिने ओल्या हाताने तोंड झाकलं. "मीच मारला गो त्याला. माझ्या आवशीचा पोर मी मारला."

बापाला दोन भाकऱ्या जाव्यात म्हणून भावना एक 'हो' म्हणाली होती, आणि तो 'हो' इथे खडवलीत या म्हातारीच्या डोक्यावर येऊन पडला होता. तिने आत्याचे दोन्ही हात तोंडावरून खाली घेतले आणि सगळं सांगितलं. काही सोडलं नाही. गाठ, गाठीचा तुकडा, त्यातली जनुकं, शंभरातले वीस. सही हा नुसता डॉक्टरांचा शब्द आहे, ती कोणाच्या हातची नसते. गाठीच्या आतली ती खूण कोणाच्या बोलण्याने येत नाही आणि कोणाच्या बोलण्याने जात नाही.

ठमाबाईने सगळं ऐकून घेतलं. आठवीच्या मुलांनाही इतकं मन लावून ऐकताना भावनाने पाहिलं नव्हतं.

"नक्की?" ती म्हणाली. "माझ्यामुलं नाय?"

"नक्की, आत्या. काविळीमुळे."

"मंग मी अंगठा दिला काय नि नाय दिला काय."

"काही फरक नाही."

"आनि तू त्याला बोललीस, फरक हाय."

"ते हसायला लागले, आत्या. जेवायला लागले. दोन महिन्यांनी पहिल्यांदा."

"मीबी हसत होते," ठमाबाई म्हणाली, "त्या दिवशी, रजिस्टर हापिसात. पेढं वाटलं मी आख्ख्या आलीत. आपलं मानूस कागद वाचून सांगतंय म्हनल्यावर हसायचं नाय तर काय करायचं?"

भावनाला रडू आलं, आणि ती रडली. ठमाबाईने तिला रडू दिलं, राहिलेले वाल सोलले, टोपलं आत नेऊन ठेवलं आणि खुंटीवरची पिशवी काढली.

"येते मी," ती म्हणाली. "पन खरा कागद वाचायचा त्याच्या म्होरं. मी बसलेली असताना."

"ते मोडून पडतील, आत्या."

"पडंल. मी हाय ना धरायला. पन आपली बाय आपल्या जिवावर उठलीय, असं डोक्यात घेऊन त्याला मी मरू देनार नाय. मनाबी तसं जगायचं नाय."

निघतानाच भावनाने फोन केला होता, म्हणून कोपरला दामाजी कॉटवर उशीला टेकून तयार बसले होते. दाढी केलेली, अंगात इस्त्रीचा शर्ट. शेजारच्या स्टुलावर शाईचा पॅड उघडून ठेवलेला. सतरा वर्षांनी बहीण दारात उभी राहिली. "आयलीस?" एवढंच म्हणाले, आणि पॅड पुढे सरकवला.

"अंगठा नाय लावत मी आता," ठमाबाई म्हणाली. "सही करते. बचत गटात शिकले." ती कॉटच्या पायथ्याशी बसली. "त्याच्या आधी ही काय वाचते ते ऐक."

भावनाने पाकिटातून आठही पानं काढली. तिचा आवाज वर्गात असतो तसा सरळ निघाला, आणि त्याचाच तिला नंतर पुष्कळ दिवस राग येत राहिला. मशीनची नावं वाचली. जनुकांची नावं वाचली. मग प्रत्येक ओळीचं मराठी केलं. सिग्नेचर म्हणजे इथे सही नव्हे, बाबा, खूण. ती गाठीची खूण आहे. अशी खूण असलेल्या शंभर माणसांमधली वीस दोन वर्षांपुढे जातात. तुम्ही त्या विसात असू शकाल. नसूही शकाल. दारात उभा असलेला प्रफुल्ल मध्येच बाहेर निघून गेला.

दामाजींनी तिसऱ्या पानावरच्या त्या शब्दावर बोट ठेवलं.

"मंग परवा तू काय वाचलंस?" त्यांनी विचारलं.

"परवा मी वाचलंच नाही, बाबा. तुम्ही म्हणालात त्याला हो म्हटलं."

"हो बोललीस."

"हो."

"बायच्या सहीचा ह्याच्याशी काय संबंध नाय."

"काही नाही."

त्यांनी शाईचा पॅड बंद केला. झाकण नीट बसलं नाही, म्हणून परत दाबलं. मग भिंतीकडे बघत म्हणाले, "मंग हिला कशाला तरास दिलास? घरी सोड तिला."

म्हणजे बहिणीची सही हवी होती ती जगण्यासाठी, बहिणीसाठी नाही. भावना आत्याकडे बघूही शकेना. पण ठमाबाई जागची हलली नाही. तिला हे अपेक्षितच असावं. भावाला ती भावनापेक्षा जास्त वर्षं ओळखत होती.

"जाईन," ती म्हणाली. "पन आलेय तर माझा कागद वाच."

"कुठला?"

"माझ्या अंगठ्याचा. तुना सगले कागद पाठ असतात ना? बोल."

दामाजींनी तिच्याकडे बघितलं. कपाट चार पावलांवर होतं, पण त्यांना कपाट उघडायची गरज नव्हती. ते हळूहळू, पाठ केलेली कविता म्हणावी तसे म्हणू लागले. "मी, ठमाबाई... लिहून देते की... वडिलोपार्जित जमीन मिळकतीमधील माझा हक्क, हिस्सा व हितसंबंध... माझे बंधू दामाजी यांचे लाभात... कायमचा सोडून देत आहे." "सदरचा दस्त... कोणाचेही दडपणास बळी न पडता... स्वखुशीने... सदरचा मजकूर मला... मला वाचून..."

तिथून पुढे त्यांना जाता येईना. भावनाला ते पुढचं वाक्य ठाऊक होतं, अंगठ्याच्या प्रत्येक कागदावर ते असतं. मजकूर मला वाचून दाखवला असून तो मला मान्य आहे.

"नव्हता दाखवला," दामाजी म्हणाले. "नव्हता वाचून दाखवला, बाय."

"ठाव हाय," ठमाबाई म्हणाली.

"मी खोटं बोललो तुना."

"हां."

आता बोलून काही मिळायचं नव्हतं. जमीन नाही, दिवस नाहीत, कुठला रिपोर्ट सरळ व्हायचा नाही. तरी ते बोलले, आणि मग तोंडावर उशी घेऊन रडले. ठमाबाई उठली, त्यांच्या डोक्याशी जाऊन बसली आणि आईचं नाव घेऊन त्यांना शिव्या देत देत त्यांची पाठ चोळत राहिली. त्या रात्री ती खडवलीला गेली नाही. पुढे दर आठवड्याला येत राहिली, येताना डबा आणत राहिली. ना हरकत दाखल्यावर सही राहिली ती राहिलीच. कोणी मागितली नाही.

भावनाला वाटलं, सुटलो. वाईटातलं वाईट वाचून झालं, आता खोटं काही उरलं नाही. बाबा तिच्याशी पूर्वीसारखेच बोलायचे. तिची मुलं आली की त्यांना जवळ घ्यायचे. पहिल्या स्कॅनचं पाकीट आलं तेव्हा ते त्यांनी प्रफुल्लच्या हातात दिलं, आणि त्याने अडखळत वाचलं. तिला त्यात काही वावगं दिसलं नाही. रक्ताचा रिपोर्ट आला तेव्हा त्यांनी समोरच्या टॉवरमधल्या एका बँकेच्या साहेबांना बोलावून आणलं. भावना तेव्हा स्वयंपाकघरात होती. ती पदराला हात पुसत बाहेर आली आणि दारातच थांबली. बाबांनी तिच्याकडे बघितलं, मग कागदाकडे बघितलं.

तिने एकदा विचारायचं ठरवलं. सुट्टीच्या दिवशी मुद्दाम आली, त्यांच्या कॉटवर बसली, आणि विचारायचं ते सोडून औषधं घेतलीत का, एवढंच विचारून परत गेली. काय विचारणार होती? उत्तर तिला पाठ होतं.

तिसऱ्या स्कॅनचा रिपोर्ट घ्यायला ती दोघंच ठाण्याला गेली. प्रफुल्लला साईटवर अडचण होती आणि ठमाबाईला ताप होता. दामाजी आता निम्मे झाले होते, शर्ट अंगावर नुसता टांगल्यासारखा दिसत होता, डोळे पिवळे. डॉक्टरांना यायला वेळ होता. काउंटरवरच्या मुलीने पाकीट त्यांच्या हातात दिलं आणि ते बाकावर येऊन बसले. भावनाने हात पुढे केला. सहावीत असल्यापासून जसा करायची तसाच, विचार न करता.

दामाजींनी तिच्या त्या पसरलेल्या हातात आपला हात ठेवला आणि घट्ट धरला. दुसऱ्या हाताने पाकीट शेजारच्या खुर्चीवरच्या अनोळखी माणसासमोर धरलं.

"दादा, इंग्लिश येतं ना तुमाला? जरा वाचून दावता?"

तो माणूस गोंधळला. त्याच्या मांडीवर त्याच्या स्वतःच्या कोणाची तरी फाईल होती. त्याने भावनाकडे बोट केलं. "यांना नाही येत?"

"येतं की," दामाजी म्हणाले. "चांगलं येतं. मास्तरीण हाय ती." आणि तिचा हात त्यांनी आणखी घट्ट धरला. "तुमी वाचा."

त्याने चष्मा लावला आणि वाचायला सुरुवात केली. शब्द चुकत होते, उच्चार चुकत होते. भावनाची नजर तिरकी कागदावर गेली आणि दुसऱ्या ओळीतच तिला कळलं की गाठ परत आली आहे, एक नाही, तीन. त्या माणसाला ते अजून कळलं नव्हतं, तो बिचारा तारखेवर होता. चौथ्या ओळीवर तो एका शब्दाला अडला. त्याने कागद भावनाकडे वळवला आणि विचारलं, "मॅडम, हे काय हो?"

भावनाने बाबांकडे बघितलं.

"राहू दे," दामाजी त्या माणसाला म्हणाले, अगदी हळू, कोणाला लागू नये अशा आवाजात. "तुमाला येतं तसं वाचा."

तो माणूस पुढे वाचू लागला. भावना बाबांचा हात धरून ऐकत बसली.